फिर्यादीची प्रत

१९८१ साली आमच्या घरी चोरी झाली. आईची तांब्या-पितळेची भांडी गेली. मी पोलीस ठाण्यात गेलो. तासभर उभा राहिल्यावर हवालदारांनी साध्या कागदावर अर्ज घेतला आणि ‘बघतो’ म्हणाले. गुन्हा काही नोंदला नाही. नोंदींचा आकडा वाढला की वरून विचारणा होते, हे कारण मला पुढे कळले.

खरे तर १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम १५४ प्रमाणे फिर्याद लिहून घ्यायची, वाचून दाखवायची आणि तिची प्रत फुकट द्यायची. मी शिक्षक असूनही मला ते ठाऊक नव्हते.

हे दुखणे जुनेच. लोक पोलिसांना भ्रष्ट आणि जुलमी समजतात, असे १९०२-०३ च्या फ्रेझर आयोगानेही नोंदवले होते.

पुढे उत्तर प्रदेशातल्या एका बापाची मुलगी पळवली गेली. त्याची तक्रार पोलीस नोंदवून घेईनात. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की नोंद केलीच पाहिजे, असा निकाल पाच न्यायमूर्तींनी २०१३ मध्ये ‘ललिता कुमारी’ खटल्यात दिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत तर तपास कुठवर आला, हे ९० दिवसांत फिर्यादीला कळवायचे आहे.

भांडी मिळाली नाहीत, त्याचे दुःख केव्हाच विरले. चोर काय, सगळेच सापडत नाहीत. पण ‘बसा मास्तर, काय झाले ते सांगा’ एवढे कोणी म्हटले असते, तर न्याय अर्धा तिथेच मिळाला असता, असे मला आजही वाटते.