सांख्यिकीचा गृहपाठ अडला तर मदत कशी घ्यावी?

दहावीच्या बीजगणितात मध्य, मध्यक आणि बहुलक शिकलेला विद्यार्थी पुढे प्रमाण विचलन आणि संभाव्यतेपर्यंत पोहोचतो. पदवीच्या पहिल्या वर्षांत त्यात नमुना निवड, परिकल्पना चाचणी आणि समाश्रयण यांची भर पडते. वाणिज्य, अर्थशास्त्र, मानसशास्त्र, कृषी, औषधनिर्माण, संगणकशास्त्र अशा अनेक शाखांत सांख्यिकीचा एखादा तरी पेपर असतोच. त्यामुळे गणिताची आवड नसलेल्यांनाही हा विषय टाळता येत नाही आणि त्याचा गृहपाठ कधी ना कधी अडतोच.

आज मदत मिळवणे सोपे झाले आहे. शिक्षक, मित्र, क्लास, व्हिडिओ, मोबाइलवरचा चॅटबॉट यांपैकी कोणी ना कोणी काही मिनिटांत उत्तर देते. अडचण उत्तर मिळाल्यावर सुरू होते. सांख्यिकीत त्याच आकड्यांवरून दोन वेगवेगळी उत्तरे निघू शकतात आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. आपल्या प्रश्नाला त्यांतले कोणते लागू आहे, हे ठरवण्यासाठी प्रश्न नेमका काय विचारतो ते कळावे लागते. म्हणूनच चांगली मदत म्हणजे प्रश्न वाचायला शिकवणारी मदत.

गणित नेमके कुठे अडते?

सुरुवातीच्या सांख्यिकीत बेरीज, वजाबाकी, भागाकार आणि वर्गमूळ यांपलीकडे फारसे गणित नसते. चूक बहुधा आकडेमोडीच्या आधीच झालेली असते. पुढील पाच जागा नेहमीच्या आहेत.

१. भागायचे कशाने?

४, ८, ६, ५, ७ या पाच संख्यांचे प्रमाण विचलन काढायचे आहे. मध्य ६ येतो. प्रत्येक संख्येतून ६ वजा करून आलेल्या फरकांचे वर्ग ४, ४, ०, १, १ आणि त्यांची बेरीज १०. आता १० ला ५ ने भागले तर प्रचरण २ आणि प्रमाण विचलन सुमारे १.४१ येते. ४ ने भागले तर प्रचरण २.५ आणि प्रमाण विचलन सुमारे १.५८ येते.

दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, पण वेगवेगळ्या प्रश्नांची. ह्या पाच संख्या हीच पूर्ण माहिती असेल, तर एकूण संख्येने, म्हणजे ५ ने भागायचे. ह्या संख्या मोठ्या समष्टीतून घेतलेला नमुना असतील आणि त्यांवरून समष्टीच्या प्रचरणाचा अंदाज बांधायचा असेल, तर एक कमी करून ४ ने भागायचे. कारण असे की फरक मोजताना समष्टीचा खरा मध्य आपल्याला माहीत नसतो, म्हणून नमुन्याचाच मध्य वापरावा लागतो. नमुन्यातील संख्या स्वतःच्या मध्याच्या अधिक जवळ असतात, त्यामुळे वर्गांची बेरीज थोडी लहान येते. एकने कमी संख्येने भागल्यावर ही तूट भरून निघते.

अकरावीच्या पुस्तकातील सूत्रात एकूण संख्येने भागतात. पदवीच्या पुस्तकात नमुन्याचे सूत्र आले की भाजक बदलतो. सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर त्यासाठी सिग्मा आणि एस अशी दोन वेगळी चिन्हे असतात. एक्सेलमध्येही दोन वेगळी सूत्रे आहेत. नावाच्या शेवटी ‘पी’ असलेले पूर्ण समष्टीसाठी, तर ‘एस’ असलेले नमुन्यासाठी. पुस्तकाचे उत्तर जुळत नाही अशी तक्रार असेल, तर सर्वांत आधी हे पाहावे.

२. वर्गीकृत माहितीचा मध्यक

मध्यकाच्या सूत्रात संचित वारंवारता लागते. ती मध्यक-वर्गाची नव्हे, तर त्याच्या आधीच्या वर्गाची घ्यायची असते. पाठ केलेले सूत्र इथेच घसरते. दुसरी चूक वर्गांच्या मर्यादांची. वर्ग १०–१९, २०–२९ असे दिले असतील तर ते सलग नसतात. आधी ते ९.५–१९.५, १९.५–२९.५ असे सलग करावे लागतात. नाहीतर बाकी सगळी रीत बरोबर असूनही उत्तर अर्ध्याने चुकते.

३. ‘किमान एक’ हा शब्द

एक फासा चार वेळा टाकला तर किमान एकदा सहा पडण्याची संभाव्यता किती? अनेक जण एक षष्ठांशाला चारने गुणून दोन तृतीयांश असे उत्तर देतात. ही रीत खरी असती तर सहा वेळा फासा टाकल्यावर सहा पडणारच असे म्हणावे लागले असते. तसे होत नाही, हे सापशिडी खेळलेल्या कोणालाही माहीत असते.

बरोबर रीत उलट बाजूने जाते. एकदाही सहा न पडण्याची संभाव्यता म्हणजे ५/६ चा चौथा घात, अर्थात ६२५/१२९६. ती १ मधून वजा केली की ६७१/१२९६, म्हणजे सुमारे ०.५२ मिळते. प्रश्नात ‘किमान एक’ दिसले की ‘एकही नाही’ याची संभाव्यता आधी काढावी.

फाशांचे असेच कोडे सतराव्या शतकात फ्रान्समधील शेव्हालिए द मेरे या खेळाच्या शौकिनाला पडले होते. त्याने ब्लेझ पास्कालची मदत मागितली. पास्कालने १६५४ मध्ये पिएर द फर्मा याच्याशी अशा प्रश्नांवर पत्रव्यवहार केला आणि संभाव्यतेच्या गणिताचा पाया त्या पत्रांतून घातला गेला, असे मानले जाते.

४. ‘दिले असता’ कोणत्या बाजूचे?

एका आजाराचे प्रमाण २ टक्के आहे. चाचणी आजारी माणसांपैकी ९५ टक्क्यांना बरोबर ओळखते, पण निरोगी माणसांपैकीही ५ टक्क्यांना चुकून आजारी ठरवते. एखाद्याची चाचणी पॉझिटिव्ह आली, तर तो खरोखर आजारी असण्याची संभाव्यता किती?

घाईत ९५ टक्के असे उत्तर दिले जाते. बेजच्या प्रमेयाचे सूत्र बाजूला ठेवून हा प्रश्न १,००० माणसांवर मांडला की तो सोपा होतो. त्यांपैकी २० आजारी, त्यांतील १९ पॉझिटिव्ह. उरलेले ९८० निरोगी, त्यांतील ४९ पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह ६८ आणि त्यांत खरे आजारी १९. म्हणजे संभाव्यता सुमारे २८ टक्के. ‘आजारी असता पॉझिटिव्ह येणे’ आणि ‘पॉझिटिव्ह आले असता आजारी असणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे गणित वहीपुरते नाही. तपासणीचा अहवाल हातात घेऊन बसलेल्या प्रत्येकाशी त्याचा संबंध आहे.

५. एका बाजूची चाचणी की दोन बाजूंची?

‘नव्या खताने उत्पादन वाढले का?’ आणि ‘नव्या खताने उत्पादन बदलले का?’ हे प्रश्न सारखे वाटतात. पहिल्यात चाचणी एका बाजूची असते आणि ५ टक्के पातळीला सीमा १.६४५ असते. दुसऱ्यात ती दोन बाजूंची आणि सीमा १.९६. गणनेतून झेडची किंमत १.८ आली, तर पहिल्या प्रश्नात शून्य परिकल्पना नाकारली जाते आणि दुसऱ्यात नाकारली जात नाही. निष्कर्ष एका क्रियापदावर फिरला. मात्र कोणती चाचणी घ्यायची हे आकडे पाहण्याआधी, प्रश्नाच्या शब्दांवरून ठरवायचे असते.

मदत मागण्यापूर्वी

चार गोष्टी कागदावर लिहाव्यात: काय दिले आहे, काय काढायचे आहे, माहिती पूर्ण आहे की नमुना आहे, आणि कोणते सूत्र का वाटते. या चार ओळी लिहितानाच बऱ्याचदा गाठ सुटते. सुटली नाही तरी ती कुठे आहे ते दिसते.

भाषेचीही एक अडचण असते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला पुढे तीच कल्पना इंग्रजी नावाने भेटते. मध्य म्हणजे मीन, मध्यक म्हणजे मीडियन, बहुलक म्हणजे मोड, प्रमाण विचलन म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, प्रचरण म्हणजे व्हेरियन्स, सहसंबंध म्हणजे कोरिलेशन, समाश्रयण म्हणजे रिग्रेशन. वहीच्या शेवटच्या पानावर अशी जोडयादी ठेवली तर पुस्तकात आणि इंटरनेटवर शोधणे सोपे जाते.

प्रश्न कसा विचारावा?

‘सर, हे गणित येत नाही’ या वाक्यावर शिक्षक पूर्ण गणित फळ्यावर सोडवतात, विद्यार्थी ते उतरवून घेतो आणि पुढच्या गणिताला पुन्हा तिथेच अडतो. त्याऐवजी ‘सर, माझे उत्तर १.५८ येते आणि पुस्तकात १.४१ आहे. मी ४ ने भागले. इथे ५ ने का भागायचे?’ असे विचारले तर दोन मिनिटांत कायमची शंका मिटते. आपण केलेले काम दाखवणे आणि अडलेल्या पायरीवर बोट ठेवणे, एवढे केले की चांगला प्रश्न तयार होतो.

टी-चाचणीमागची कथा याच प्रकारची आहे. विल्यम सीली गॉसेट डब्लिनच्या गिनेस कंपनीत काम करत होता. तिथल्या प्रयोगांत नमुने फार लहान असत आणि मोठ्या नमुन्यांची सूत्रे त्यांना नीट लागू पडत नसत. ही अडचण घेऊन तो १९०५ मध्ये कार्ल पिअर्सनला भेटला आणि १९०६–०७ मध्ये त्याच्या लंडनमधील प्रयोगशाळेत जाऊन शिकला. १९०८ मध्ये त्याचा गाजलेला लेख प्रसिद्ध झाला. कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या नावाने लेख छापू नयेत असे कंपनीचे धोरण असल्याने त्याने ‘स्टुडंट’, म्हणजे विद्यार्थी, हे टोपणनाव घेतले. आजही ती चाचणी त्याच नावाने ओळखली जाते.

मदत कुठे मिळते?

शिक्षक: पेपरात कोणते सूत्र, कोणते तक्ते आणि किती दशांश स्थळे अपेक्षित आहेत हे सर्वांत नेमके तेच सांगू शकतात. तासानंतरची पाच मिनिटे यासाठी पुरतात.

मित्रमैत्रिणी: दोघांनी वेगवेगळे गणित सोडवून मग उत्तरे ताडून पाहावीत. समोरच्याला समजावून सांगताना आपले कच्चे दुवे आपोआप उघडे पडतात.

पाठ्यपुस्तक: सोडवलेले उदाहरण नुसते वाचू नये. उत्तर झाकून सोडवावे आणि मग पायऱ्या जुळवाव्यात. बालभारतीची पुस्तके पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात.

ऑनलाइन अभ्यासक्रम: केंद्र सरकारच्या ‘स्वयं’ मंचावर आणि एनपीटीईएलवर सांख्यिकीची व्याख्याने मोफत पाहता येतात. खान अकॅडमीवर छोट्या व्हिडिओंसोबत सरावाचे प्रश्नही आहेत.

एक्सेल: आकडेमोड तपासण्यासाठी उत्तम. फासा टाकल्याचा प्रयोग एक्सेलमध्ये हजार वेळा करून पाहिला तर वरचे ०.५२ हे उत्तर डोळ्यांसमोर येते.

चॅटबॉट: समजावून घेण्यासाठी उपयोगी, पण तो चुकीचे सूत्रही ठाम भाषेत सांगू शकतो. ‘उत्तर दे’ ऐवजी ‘माझ्या पायऱ्यांत चूक कुठे आहे?’ किंवा ‘हेच सूत्र का?’ असे विचारावे. आलेले आकडे स्वतः पुन्हा मोजावेत.

उत्तर तपासण्याच्या खुणा

मदत कोणाचीही असो, काही कसोट्या कुणालाही लावता येतात.

• संभाव्यता ० पेक्षा कमी किंवा १ पेक्षा जास्त येत नाही.
• मध्य सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या संख्येच्या दरम्यानच असतो.
• प्रमाण विचलन ऋण नसते. एकूण संख्येने भागले असेल तर ते विस्ताराच्या निम्म्याहून मोठे येत नाही.
• प्रत्येक संख्येत १० मिळवले तर मध्य १० ने वाढतो, प्रमाण विचलन तेच राहते.
• वर्गीकृत माहितीचा मध्यक मध्यक-वर्गातच यायला हवा.
• सहसंबंध गुणक –१ ते १ या मर्यादेत असतो. दोन्ही समाश्रयण गुणकांचे चिन्ह सारखे असते आणि त्यांचा गुणाकार १ हून मोठा नसतो.

मदत आणि नक्कल

दुसऱ्याने सोडवलेले गणित उतरवून दिले की वही पूर्ण होते, पण परीक्षेत प्रश्नातला एक शब्द बदलला तरी हात थांबतो. मदत घेतली की नक्कल केली हे ओळखायची साधी कसोटी आहे. दुसऱ्या दिवशी वही मिटून तेच गणित कोऱ्या कागदावर, आकडे बदलून सोडवावे आणि प्रत्येक पायरीपुढे ‘का’ ते एका ओळीत लिहावे. जमले तर मदत लागू पडली. जिथे ‘का’ लिहिता येत नाही, ती पायरी पुन्हा विचारायची.

गुणांचा प्रश्न एका परीक्षेपुरता असतो. पुढे औषधांच्या चाचण्या, पिकांचे प्रयोग, विम्याचे हप्ते, सर्वेक्षणांचे निष्कर्ष याच सूत्रांतून वाचले जातात. पॉझिटिव्ह अहवाल पाहून ९५ टक्के म्हणायचे की २८ टक्के, हे ज्याला वहीत समजले असेल त्यालाच दवाखान्यातही समजेल.