कमी उंचीच्या चालकासाठी स्पोर्ट बाइक : उंची उतरवण्याआधी स्प्रिंग पाहा

मालवण तालुक्यात आचऱ्याहून तोंडवलीमार्गे तळाशीलकडे जाणाऱ्या रस्त्याच्या एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कालावलची खाडी आहे. अशा किनारी रस्त्यांच्या कडेला वाळू साचते. गाडी थांबवताना टेकलेला पाय वाळूवरून सरकला, तर दीडशे किलोंच्या आसपासची स्पोर्ट बाइक सावरणे कठीण जाते. कमी उंचीच्या चालकांचा त्यामुळेच गाडी ‘खाली घेण्याकडे’ कल असतो. मात्र हा बदल चुकीच्या क्रमाने केला, तर थांबताना मिळणारी सोय घाटातील वळणावर महागात पडू शकते.

उंचीचे गणित

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतीय महिलांची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर आहे. पायांची आतील लांबी उंचीच्या साधारण ४५ टक्के, म्हणजे ६८-६९ सेंटिमीटर भरते. याउलट २०२१ मध्ये आलेल्या यामाहा आर १५ च्या चौथ्या आवृत्तीची बैठक जमिनीपासून ८१५ मिलिमीटरवर, तर बजाज पल्सर आरएस २०० ची ८१० मिलिमीटरवर आहे.

उंचीइतकेच वजनही महत्त्वाचे आहे. चालक बसल्यावर सस्पेन्शन किती दबते, त्याला ‘सॅग’ म्हणतात. मागे दुसरी व्यक्ती बसणार हे गृहीत धरून कारखान्यातील स्प्रिंग निवडलेली असते. पन्नास किलोच्या आतील चालकाच्या भाराने ती पुरेशी दबत नाही. परिणामी वजनदार चालकाला जी गाडी योग्य उंचीची वाटते, तीच हलक्या चालकाला अधिक उंच आणि खडबडीत रस्त्यावर उसळणारी वाटते.

पहिली पायरी : सॅग मोजणे

मोजणीसाठी मागचे चाक अधांतरी ठेवून आसापासून शेपटीवरील ठरावीक खुणेपर्यंतचे अंतर घ्यावे. नंतर गाडी केवळ स्वतःच्या वजनावर उभी असताना आणि शेवटी चालक हेल्मेट-बुटांसह बसलेला असताना तेच अंतर पुन्हा मोजावे. पुढच्या फोर्कचीही अशीच मोजणी करावी. पहिल्या आणि तिसऱ्या मापातील फरक चाकाच्या एकूण हालचालीच्या सुमारे ३० टक्के, म्हणजे साधारण ३० ते ४० मिलिमीटर असावा.

तो कमी भरल्यास शॉकअॅब्सॉर्बरवरील प्रीलोडची कडी सैल करावी. गाडी काही मिलिमीटर खाली येते, पण सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर चाक जिथवर पोहोचते ती जागा बदलत नाही. त्यामुळे हा सर्वांत निर्धोक उपाय ठरतो. प्रीलोड कमी केल्यावर गाडी स्वतःच्याच वजनाने खूप दबत असेल आणि चालक बसल्यावर त्यात थोडीच भर पडत असेल, तर स्प्रिंग त्या वजनाला कडक आहे असे समजावे. अशा वेळी मऊ स्प्रिंग हाच उपाय. तिच्याबरोबर डॅम्पिंगही सौम्य करावे लागते.

बैठक कापणे

बैठकीचा फोम १५-२० मिलिमीटर कमी केला आणि तिची पुढील कड अरुंद केली, तर मांड्या फाकत नाहीत व पाय सरळ खाली येतात. गाडीच्या भूमितीला यात धक्का लागत नाही. जाड तळव्याचे, घोटा झाकणारे बूट वापरल्यास आणखी थोडा आधार मिळतो.

लिंक आणि फोर्क

एवढ्याने भागले नाही तरच मागची लिंक बदलण्याचा विचार करावा. आर १५ सारख्या लिंक असलेल्या गाड्यांत बहुधा लांब पट्टी लावून मागची बाजू उतरवता येते. केटीएम आरसी किंवा टीव्हीएस अपाचे आरआर ३१० मध्ये शॉकअॅब्सॉर्बर थेट जोडलेला असल्याने पट्टीचा मार्ग नाही, तेथे कमी लांबीचा शॉकअॅब्सॉर्बर लागतो.

केवळ मागची बाजू उतरवली तर फोर्कचा कल वाढतो, गाडी वळायला जड होते आणि हेडलाइटचा झोत वर जातो. केवळ पुढची बाजू उतरवली तर ब्रेक लावताना गाडी चंचल होते. म्हणून मागे जितके, तितकेच पुढे, फोर्कच्या नळ्या ‘टी’मधून समान वर सरकवून उतरवावे. २०-२५ मिलिमीटरपलीकडे न जाणे इष्ट.

त्यानंतर पुढील तपासण्या कराव्यात :

- सस्पेन्शन पूर्ण दाबून चाक मडगार्ड किंवा रेडिएटरला लागत नाही ना, हे पाहणे.
- हँडल दोन्ही टोकांना वळवून ब्रेकच्या नळ्या व एबीएसची वायर ताणली जात नाही, याची खात्री करणे.
- चेनचा ढिलेपणा व हेडलाइट नव्याने जुळवणे.
- साइड स्टँड तितक्या प्रमाणात आखूड करून घेणे. अन्यथा गाडी जवळजवळ उभी राहते व वाऱ्यानेही उलटू शकते. वाळूसाठी स्टँडखाली रुंद पट्टी असावी.

आंबोली, फोंडा वा करूळ घाटात गाडी कलंडल्यावर फूटरेस्ट आणि सायलेन्सर आता लवकर घासतात. गावातील उंच गतिरोधकांवर इंजिनाखालचा भाग आपटण्याचा धोकाही वाढतो. खाऱ्या हवेमुळे लिंकच्या बेअरिंगला नियमित ग्रीस लागते. फोर्कच्या सीलवरील वाळूही वेळोवेळी पुसावी लागते.

कायदा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील मूळ तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हा नियम अधोरेखित केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्हींची तरतूद केली. त्यामुळे लिंक वा शॉकअॅब्सॉर्बर बदलण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणा करावी आणि विमा कंपनीला लेखी कळवावे.

उंचीवाचून अडत नाही

स्पेनचा दानी पेद्रोसा सुमारे १६० सेंटिमीटर उंचीचा आणि पन्नास किलोंच्या आसपास वजनाचा. तरी मोटोजीपीच्या सर्वोच्च गटात त्याने ३१ शर्यती जिंकल्या. टायर पुरेसे तापवण्यासाठी लागणारा भार देणे ही त्याची अडचण राहिली. स्पेनच्याच आना कारास्कोने २०१८ मध्ये सुपरस्पोर्ट ३०० चे जागतिक विजेतेपद पटकावले. रस्त्यावरच्या चालकालाही हेच लागू आहे. आधी गाडी वजनाला जुळवावी, मग बैठक पाहावी आणि लिंकला हात शेवटी घालावा. थांबताना एका पायाचा चवडा भक्कम टेकत असेल, तर बहुतेक वेळा तेवढे पुरते.