सही कोणाची, निर्णय कोणाचा

(प्रस्तावना)

भुसावळ रेल्वे विभागाच्या निविदा सूचना खानदेशातल्या वर्तमानपत्रांत वरचेवर छापून येतात. कुठे क्वार्टर्सची डागडुजी, कुठे फलाटावरचे पत्रे बदलायचे, कुठे गटारीचे काम. भारताच्या राष्ट्रपतींच्या वतीने या निविदा मागवण्यात येत आहेत, असे त्या सूचनेत सुरुवातीलाच म्हटलेले असते. ठेकेदाराची नजर त्या ओळीवर ठरत नाही. तो थेट बयाणा रक्कम आणि शेवटची तारीख बघतो. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने मात्र तिथेच थांबावे. फलाटावर कोणते पत्रे बसणार याची राष्ट्रपतींना खबरही नसते, पण करार होतो त्यांच्याच नावाने. घटनेच्या २९९व्या कलमाने तशी तजवीज केली आहे, आणि ७७व्या कलमाप्रमाणे तर केंद्र सरकारचा सगळाच कारभार त्यांच्या नावाने चालतो. नाव एकाचे, सही बहुधा कुठल्या तरी अधिकाऱ्याची, निर्णय तिसऱ्याच टेबलावरचा.

राष्ट्रप्रमुखाच्या रोजच्या कामाचा अभ्यास या गुंत्यापासून सुरू होतो. नव्या वाचकाचे स्वागत करताना आधीच सांगून ठेवलेले बरे की इथे घोडदळ, मेजवान्या आणि मानवंदना यांचे महत्त्व बेताचे आणि कागदाचे फार. कागद कुठून निघाला, कोणाच्या हातून गेला, किती दिवस पडून राहिला, परत गेला का, गेला तर कोणता प्रश्न सोबत घेऊन गेला, एवढे ज्याला शोधावेसे वाटते त्याच्यासाठी हे पुस्तक आहे. राष्ट्रपतींच्या हाती निर्णय नसला तरी विचारणे, परत पाठवणे आणि थांबवून धरणे एवढे उरते. ते उरणे क्षुल्लक नाही, हा या पुस्तकाचा दावा.

हा दावा मुक्ताईनगरात बसून मांडण्यामागे गावाचा अभिमान आहेच, पण त्याहून चांगले कारणही आहे. प्रतिभाताई पाटील १९६२ साली जळगावातून विधानसभेत गेल्या आणि १९६७ पासून १९८५ पर्यंत याच मतदारसंघाच्या आमदार होत्या. तेव्हा त्याचे नाव एदलाबाद. जन्मगाव नाडगाव, बोदवड तालुक्यातले. २५ जुलै २००७ ते २५ जुलै २०१२ त्या राष्ट्रपती होत्या. देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती वगैरे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ आहे आणि त्यावर भाषणे पुष्कळ झाली. अभ्यासकाला त्यांची कारकीर्द मोलाची वाटते ती वेगळ्या कारणाने. सही मागणारे, करणारे आणि अडवणारे अशा सगळ्या खुर्च्यांवर त्या बसल्या.

पहिली खुर्ची आमदाराची. एस.टी.चा थांबा हवा, पाझर तलावाची मंजुरी अडली आहे, मास्तरांची बदली रद्द व्हावी, असे अर्ज घेऊन लोक आमदाराकडे जातात. आमदार कोपऱ्यात शेरा मारतो आणि कागद तहसीलदाराकडे किंवा मंत्रालयात जातो. तिथे बारनिशीत नोंद होते, आवक क्रमांक पडतो आणि पाठपुरावा सुरू होतो. तो शेरा म्हणजे आदेश नव्हे, हे देणाऱ्यालाही ठाऊक असते आणि घेणाऱ्यालाही. तरी लोक तो हट्टाने मागतात, कारण शेरा पडलेला कागद सहज दडपता येत नाही. राष्ट्रपतिपदाचे मर्म कळायला मंत्रिमंडळाच्या सल्ल्याविषयीचे ७४वे कलम वाचण्याआधी हा शेरा समजून घ्यावा.

पुढे उपमंत्री, मग मंत्री. आरोग्य, समाजकल्याण, शिक्षण, नगरविकास अशी खाती. तो भाग इथे भरभर ओलांडतो. जुलै १९७९ ते फेब्रुवारी १९८० या काळात त्या विरोधी पक्षनेत्या होत्या आणि समोर शरद पवारांचे पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार. १७ फेब्रुवारी १९८० रोजी राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डी यांच्या सहीने महाराष्ट्रासह नऊ राज्यांच्या विधानसभा बरखास्त झाल्या. राष्ट्रपती राजवटीच्या ज्या ३५६व्या कलमाने प्रतिभाताईंचे विरोधी पक्षनेतेपद एका दिवसात संपले, त्याच कलमाखालच्या उद्घोषणांवर पुढे त्यांची स्वतःची सही झाली: नोव्हेंबर २००७ मध्ये कर्नाटक, जानेवारी २००९ मध्ये झारखंड. मधल्या काळात बोम्मई खटल्याचा १९९४चा निकाल आला होता. अशी उद्घोषणा न्यायालयात तपासली जाऊ शकते आणि संसदेच्या मंजुरीआधी विधानसभा बरखास्त करता येत नाही, हे त्याने ठरवून दिले. कलम तेच, पण १९८०चा कागद आणि २००७चा कागद सारखा नाही. घटनेचे नुसते कलम वाचून पद समजते असे मानणाऱ्यांनी ही दोन वर्षे शेजारी ठेवून पाहावीत.

नोव्हेंबर २००४ मध्ये त्या राजस्थानच्या राज्यपाल झाल्या. २००६ साली तिथल्या विधानसभेने मंजूर केलेल्या धर्मस्वातंत्र्य विधेयकावर त्यांनी सही केली नाही, ते परत पाठवले. पुढे ते राष्ट्रपतींच्या विचारार्थ दिल्लीला गेले, आणि थोड्याच दिवसांत त्या स्वतः राष्ट्रपती भवनात राहायला गेल्या. ते विधेयक काही कायदा झाले नाही. त्यांचा निर्णय बरोबर की चूक यावर वाचकाने वाद घालावा, जरूर घालावा. पण एक कागद एका खुर्चीवरून निघून दुसऱ्या खुर्चीपाशी त्याच व्यक्तीला भेटतो, असा प्रसंग अभ्यासाला सहसा मिळत नाही.

राष्ट्रपतींवर मंत्रिमंडळाचा सल्ला बंधनकारक आहे हे १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने शब्दांत लिहिले. १९७८च्या ४४व्या दुरुस्तीने एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याची मुभा दिली. ही मुभा कागदावरच राहिली असे नाही. के. आर. नारायणन यांनी १९९७ साली उत्तर प्रदेशात आणि १९९८ साली बिहारमध्ये राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस परत पाठवली आणि दोन्ही वेळा सरकारने पाऊल मागे घेतले. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी २००६ साली लाभाच्या पदांविषयीचे विधेयक परत केले. संसदेने ते पुन्हा संमत केल्यावर त्यांना सही करावी लागली. ग्यानी झैलसिंगांची तऱ्हा निराळी. टपाल दुरुस्ती विधेयक, ज्यात सरकारला लोकांची पत्रे उघडण्याची मोकळीक होती, त्यावर त्यांनी सहीही केली नाही आणि ते परतही पाठवले नाही. विधेयकांच्या संमतीविषयीच्या १११व्या कलमात मुदत लिहिलेली नाही, एवढ्या एका फटीचा त्यांनी उपयोग केला. खंबीर राष्ट्रपती कोण आणि रबरी शिक्का कोण, ही चर्चा पारावर रंगते. अभ्यासकाने तिच्यात फार गुंतू नये. सरकार बहुमताचे की आघाडीचे, संसदेत संख्या किती, निवडणूक किती दूर, यावरही परत पाठवण्याची हिंमत ठरते.

दयेच्या अर्जांचे प्रकरण या पुस्तकात सर्वांत लांब आहे, आणि ते तसेच असायला हवे. कारण इथे एका फाईलीवर एक जीव टांगलेला असतो. फाशीची शिक्षा कायम झाली की कैद्याचा अर्ज तुरुंगातून निघतो, राज्यपालांकडे जातो, तिथे फेटाळला गेला तर केंद्रीय गृह मंत्रालयात येतो, तिथे टिपण तयार होते आणि शिफारशीसह तो राष्ट्रपतींपुढे ठेवला जातो. ७२वे कलम दयेचा अधिकार राष्ट्रपतींना देते; पण हा अधिकारही मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वापरायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८०च्या मारू राम खटल्यात स्पष्ट केले. प्रतिभाताईंच्या कारकिर्दीत तीसहून अधिक कैद्यांची फाशी जन्मठेपेत बदलली गेली. राजीव गांधी हत्येतल्या तिघांचे अर्ज मात्र २०११ साली फेटाळले गेले. टीका झाली ती सगळी त्यांच्या नावाने, जणू मध्यरात्री एकट्याने बसून त्यांनी माफी वाटली. टिपण कोणी लिहिले, शिफारस काय होती, हे विचारणारे थोडे.

त्यातली एक फाईल तर विद्यार्थ्यांपुढे मुद्दाम ठेवावी अशी आहे. बेळगावच्या तुरुंगातल्या एका कैद्याची फाशी जून २०१२ मध्ये जन्मठेपेत बदलली गेली. तो २००७ सालीच वारला होता. पाच वर्षे कागद चालत राहिला आणि ज्याच्यासाठी चालत होता तो माणूस नव्हता. तुरुंग, राज्य सरकार, गृह मंत्रालय, राष्ट्रपती भवन या साखळीत मृत्यूची नोंद पुढे सरकली नाही. इथे राष्ट्रपतींच्या दयाळूपणाची किंवा कठोरपणाची चर्चा करून काहीच हाती लागत नाही. आवक-जावक बघावी लागते. दीडेक वर्षाने, जानेवारी २०१४ मध्ये, शत्रुघ्न चौहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुख्यतः अर्जांवरच्या अवाजवी विलंबामुळे पंधरा जणांची फाशी रद्द करून जन्मठेप दिली. टेबलावर पडून राहिलेल्या दिवसांना कायद्यात वजन मिळाले.

आता परराष्ट्र व्यवहार. इथून जवळच पूर्णा-तापीच्या संगमावर चांगदेव गाव आहे. चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला घेतले आणि मायन्यावरच अडले, ही कथा वाचकाला सांगायला नको. वयाने लहान म्हणून चिरंजीव लिहावे तर ज्ञानाने मोठे, तीर्थरूप लिहावे तर वय आड येते. शेवटी कोराच कागद गेला, आणि त्या कोरेपणावर मुक्ताईने हाणलेला टोलाही सर्वांना ठाऊक आहे. राजनैतिक व्यवहारात मायन्याचा हा पेच रोजचा आहे. परदेशी राजदूत दिल्लीत आला की राष्ट्रपतींना परिचयपत्र सादर करतो; ते पत्र एका राष्ट्रप्रमुखाने दुसऱ्याला लिहिलेले असते. आपले राजदूत बाहेर जातात ते राष्ट्रपतींच्या सहीचे पत्र घेऊन. या पत्रांत धोरण नसते. पण कोणाला कोणाच्या बरोबरीचे मानायचे, एवढे ती ठरवून टाकतात, आणि पुढची सगळी बोलणी त्यावर उभी राहतात.

परदेशी राष्ट्रप्रमुख येतो तेव्हा दिवसाची वाटणी अशी: सकाळी राष्ट्रपती भवनाच्या प्रांगणात स्वागत, मग राजघाट, मग हैदराबाद हाउसमध्ये पंतप्रधानांशी बोलणी, संध्याकाळी राष्ट्रपतींकडे मेजवानी. घासाघीस दुपारी होते, शुभेच्छा रात्री. २०१० साली सुरक्षा परिषदेच्या पाचही कायम सदस्य देशांचे नेते भारतात येऊन गेले. ओबामा, सार्कोझी आणि मेदवेदेव यांच्या भेटींची निवेदने आणि राष्ट्रपतींची त्या दिवसांची भाषणे शेजारी ठेवून वाचावीत. दुपारच्या निवेदनातले काय रात्रीच्या भाषणात आले, काय गाळले, यात बरेच काही सापडते. त्याच वर्षी मे महिन्यात प्रतिभाताई चीनला गेल्या, राजनैतिक संबंधांना साठ वर्षे झाल्याच्या निमित्ताने. सीमाप्रश्न त्यांच्या हातचा नव्हताच. लोयांगच्या श्वेताश्व विहाराच्या आवारात भारतीय शैलीत बांधलेल्या बौद्ध मंदिराचे उद्घाटन त्यांनी केले. पंतप्रधान गेले असते तर त्यांना आधी सीमेवर बोलावे लागले असते. मंदिराला राष्ट्रपती लागतात.

या दौऱ्यांच्या खर्चावर टीका झाली. बारा दौरे, बावीस देश आणि माहिती अधिकारातून बाहेर आलेला सुमारे २०५ कोटींचा आकडा तेव्हा गाजला. टीका रास्त असू शकते, आकडा लहान नाही. मात्र कोणत्या देशात राष्ट्रपतींनी जावे हे परराष्ट्र मंत्रालयाशिवाय ठरत नाही, तेव्हा हिशेब मागायचा तर दोघांकडे मागावा.

देशातले काम आणि परदेशातले काम अशी दोन प्रकरणे या पुस्तकात वेगळी केली आहेत ती वाचकाच्या सोयीसाठी. प्रत्यक्षात ती वेगळी राहत नाहीत. मे २००५ मध्ये कलाम मॉस्कोत होते. बिहार विधानसभा बरखास्त करण्याची शिफारस तिथे फॅक्सने पोहोचली आणि त्यांनी रात्रीच सही केली. ती बरखास्ती पुढे सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली, आणि राजीनाम्याचा विचार आपल्या मनात आला होता असे कलामांनी नंतर 'टर्निंग पॉइंट्स'मध्ये लिहिले. अशी रात्रीची सही त्याआधीही झाली होती: २५ जून १९७५च्या रात्री फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या उद्घोषणेवर सही केली, मंत्रिमंडळाला सकाळी कळले. त्यानंतर ४४व्या दुरुस्तीने मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय सक्तीचा केला. दोन्ही प्रसंगांत उद्या सकाळपर्यंत थांबतो, एवढे म्हणण्याची सोय होती.

साधनांविषयी थोडे. आर. वेंकटरमण यांचे 'माय प्रेसिडेन्शियल इयर्स' आधी वाचावे. स्वतःची बाजू मांडणारे आहे, तरी रोजचे काम त्यात दिसते. राजपत्र नियमित चाळावे. प्रत्येक अधिनियमावर राष्ट्रपतींच्या संमतीची तारीख असते. शिक्षण हक्काच्या कायद्यावर २६ ऑगस्ट २००९ आहे. संसदेने मंजूर केल्याची तारीख आणि ही तारीख यांतले अंतर मोजण्याची सवय लावून घ्यावी. राष्ट्रपतींची भाषणे छापील मिळतात, पण मसुदे मिळत नाहीत, आणि या अभ्यासशाखेची खरी अडचण ती आहे.

खानदेशातल्या विद्यार्थ्यांसाठी एक काम मात्र तयार पडलेले आहे. १९६७ ते १९८५ या काळातल्या विधानसभेच्या कामकाजाचे वृत्तान्त विधानमंडळाच्या ग्रंथालयात आहेत. एदलाबादच्या आमदारांनी कोणते प्रश्न विचारले, मंत्री म्हणून कोणती उत्तरे दिली, विरोधी पक्षनेत्या म्हणून राज्यपालांच्या भूमिकेवर काय म्हटले, हे काढून त्यांच्या राष्ट्रपतिपदाच्या भाषणांशी ताडून पाहता येईल. काम कंटाळवाणे आहे, धुळीचे आहे आणि मुंबईला जाऊन बसावे लागेल. या पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात ते कुठून सुरू करावे याची दिशा दिली आहे. सुरुवात १९७९च्या पावसाळी अधिवेशनापासून करावी.

मुक्ताईनगर