किलिमांजारो-भेटीची आख्यायिका
पूर्व आफ्रिकेतील केनिया-टांझानिया सीमेविषयीची लोकप्रिय, परंतु निराधार कथा. हिंदी महासागरापासून व्हिक्टोरिया सरोवराकडे वायव्येस जाणारी ही सीमा नकाशावर जवळजवळ सरळ दिसते. किलिमांजारोपाशी मात्र ती वळसा घेते आणि आफ्रिकेतील हा सर्वोच्च पर्वत (५,८९५ मी.) टांझानियात राहतो. या वळशाचे कारण म्हणून सांगतात, की व्हिक्टोरिया राणीकडे केनिया आणि किलिमांजारो असे दोन हिमाच्छादित पर्वत होते, तिचा जर्मन नातू विल्हेल्म याच्याकडे एकही नव्हता. म्हणून राणीने त्याला वाढदिवसाला किलिमांजारो देऊन टाकला.

कथा तारखांपाशीच कोसळते. ही सीमा ब्रिटन आणि जर्मनी यांच्यातील १८८६ च्या कराराने ठरली. तेव्हा सम्राटपदी विल्हेल्मचे आजोबा, पहिले विल्हेल्म होते. नातू गादीवर आला तो जून १८८८ मध्ये. शिवाय करारात वाटली गेली ती केवळ ‘प्रभावक्षेत्रे’. किलिमांजारो तोवर ब्रिटनच्या ताब्यात कधी नव्हताच, मग तो देणार कुठून? मुलूख परस्पर देण्याचा अधिकारही राणीला नव्हता. १८९० मध्ये तिच्या सरकारने हेल्गोलँड बेट जर्मनीला दिले, तेही तिच्या मनाविरुद्ध.

वळशाचे खरे कारण पर्वताच्या पायथ्याशी आहे. १८८४ मध्ये ब्रिटिश प्रवासी-संशोधक हॅरी जॉन्स्टनने तवेता भागात स्थानिकांशी ब्रिटनच्या बाजूने करार केले. पुढच्या वर्षी झांजिबारच्या सुलतानाचा सेनापती लॉइड मॅथ्यूज याने पर्वतउतारावरील चग्गा लोकांच्या प्रमुखांकडून सुलतानाच्या सत्तेची कबुली मिळवली. पाठोपाठ जर्मन वसाहतवादी कार्ल पीटर्सचा सहकारी कार्ल यूल्के मोशीचा प्रमुख मंदारा याच्याकडून जर्मन करार घेऊन गेला. एकाच डोंगरउतारावर तीन सत्तांचे कागद तयार झाले. १८८६ ची रेषा या दाव्यांची तडजोड होती: उंबा नदीच्या मुखापासून जिपे सरोवर, त्याला पूर्वेकडून व उत्तरेकडून वळसा, लुमी नदी ओलांडून तवेता आणि चग्गा प्रदेशांच्या मधून पर्वताच्या उत्तर पायथ्याने पुढे, आणि तेथून थेट व्हिक्टोरिया सरोवराच्या पूर्व किनाऱ्यावर १° दक्षिण अक्षांशापर्यंत. तवेता ब्रिटिशांकडे आणि मोशी जर्मनांकडे गेले. भेटीच्या कथेत मंदारा नाही, चग्गा नाहीत आणि तवेताचे लोकही नाहीत. आजी-नातवाच्या कौतुकात ज्यांची ही भूमी तेच पुसले जातात. हा या कथेचा सर्वांत गंभीर दोष होय.

भेट दिली गेली, पण ती उलट दिशेने. ६ ऑक्टोबर १८८९ रोजी लायप्झिगचा हान्स मायर ऑस्ट्रियन गिर्यारोहक लुडविग पुर्टशेलर याच्यासह शिखरावर पोहोचला. त्याने शिखराला कैसर विल्हेल्मचे नाव दिले आणि तेथील दगड सम्राटाला नजर केला. तो पॉट्सडॅमच्या राजवाड्यात बसवण्यात आला. आख्यायिकेला या प्रसंगाने खतपाणी मिळाले असणे शक्य आहे.

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनांकडील टांगानिका (आजच्या टांझानियाचा मुख्य भूभाग) ब्रिटिश प्रशासनाखाली आला. रेषेच्या दोन्ही बाजूंना एकच सत्ता असूनही वळसा कायम राहिला. टांगानिका १९६१ मध्ये आणि केनिया १९६३ मध्ये स्वतंत्र झाला. कैसरचे शिखर ‘उहुरू’ (स्वातंत्र्य) झाले. जुलै १९६४ मध्ये कैरो येथे आफ्रिकी ऐक्य संघटनेने स्वातंत्र्यसमयीच्या सीमा मानण्याचा ठराव केला आणि ही रेषाही त्यात आली.