ईमेलला ‘ब्लू टिक’ असते का? रीड रिसीट म्हणजे काय आणि ती कधी मागावी?

मी राहतो चामटोलीला, बदलापूरजवळ. इथून मुंबईतल्या ऑफिसात नुसती चौकशी करायला जायचं म्हटलं तरी रिक्षा, लोकल आणि अख्खा दिवस जातो. म्हणून अप्रेंटिसशिपसाठी पहिला अर्ज मी ईमेलनेच केला. समोरच्याने तो वाचला की नाही ते कळावं म्हणून ब्राउझरमध्ये एक फुकटचं ट्रॅकिंग एक्स्टेन्शनही टाकलं होतं.

तीन दिवसांत त्याने दाखवलं: मेल चार वेळा उघडला. उत्तर मात्र नाही! मी वैतागून लिहिलं, “मेल चार वेळा उघडून बघता, पण साधं उत्तर देत नाही?” तासाभरात फोन आला. “अहो, तुमच्या मेलला रिझ्युमेच जोडलेला नाही. परवा तसं कळवलंय, स्पॅम बघा.” स्पॅममध्ये खरंच त्यांचं उत्तर पडलं होतं. तोवर जागा भरली होती.

मेल उघडला गेला, एवढं मला बरोबर कळलं होतं. त्यावरून काढलेला अर्थ मात्र साफ चुकला. तुमचं तसं होऊ नये म्हणून हा लेख.

रीड रिसीट म्हणजे नक्की काय?

व्हॉट्सॲपवर 2014 पासून आपल्याला निळ्या टिकची सवय लागलीय. तिथे दोन्ही बाजूंना एकच ॲप असतं, म्हणून ते जमतं. ईमेलचं तसं नाही. तुम्ही जीमेलवर, समोरचा आउटलूकवर, तिसरा कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवर. त्यामुळे इथे पोच ‘मागावी’ लागते आणि ती द्यायची की नाही, हे समोरचा ठरवू शकतो.

यात दोन प्रकार आहेत:

1. डिलिव्हरी रिसीट: मेल समोरच्याच्या सर्व्हरपर्यंत पोचला. पोस्टमनने पत्र पेटीत टाकलं, इतकाच याचा अर्थ.
2. रीड रिसीट: मेल स्क्रीनवर उघडला गेला.

रीड रिसीटचा नियम 1998 मध्ये ठरला आणि 2017 मध्ये आरएफसी 8098 या नावाने सुधारला गेला. मेल स्क्रीनवर दिसला म्हणजे तो वाचला किंवा समजला, याची खात्री नाही, हे त्या नियमातच म्हटलंय.

जीमेल आणि आउटलूकमध्ये ती कुठे असते?

साध्या जीमेल खात्यात रीड रिसीट मागण्याची सोयच नाही. कॉलेज किंवा कंपनीचं गुगल वर्कस्पेस खातं असेल आणि ॲडमिनने परवानगी दिली असेल, तर कॉम्प्युटरवर मेल लिहिताना खालच्या तीन टिंबांत ‘रिक्वेस्ट रीड रिसीट’ दिसतं. कॉम्प्युटरवरच्या आउटलूकमध्ये ‘ऑप्शन्स’ टॅबमध्ये ही सोय असते.

मग ट्रॅकिंग ॲपला कसं कळतं?

मेलमध्ये एक अदृश्य चित्र लपवलेलं असतं, एका ठिपक्याएवढं. मेल उघडला की ते चित्र सर्व्हरवरून मागवलं जातं आणि ट्रॅकरला खबर लागते. समोरच्याला न विचारता! पण यात घोळ आहेत:

- ॲपलच्या मेल ॲपमध्ये 2021 पासून ‘मेल प्रायव्हसी प्रोटेक्शन’ आहे. ते चालू असेल तर चित्रं आधीच लोड होतात, त्यामुळे न उघडलेला मेलही ‘उघडला’ दिसू शकतो.
- चित्रं बंद ठेवणाऱ्या माणसाने मेल दहादा वाचला तरी ट्रॅकरला पत्ता लागत नाही.
- जीमेल 2013 पासून चित्रं गुगलच्या सर्व्हरमार्फत दाखवतं, म्हणून वाचणारा कुठे आहे ते सहसा कळत नाही.

तुम्हाला कुणी असं ट्रॅक करू नये असं वाटत असेल, तर जीमेलच्या सेटिंगमध्ये ‘इमेजेस’ शोधा आणि बाहेरची चित्रं दाखवण्याआधी विचारायचा पर्याय निवडा.

कायदा काय म्हणतो?

आपल्या माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 मध्ये कलम 12 पोचेबद्दल आहे. पोच कशी द्यायची हे पाठवणाऱ्याने ठरवून दिलं नसेल, तर समोरच्याचं कुठलंही उत्तर, अगदी आपोआप आलेलंही, पोच म्हणून चालतं. कलम 13 नुसार, वेगळं काही ठरलं नसेल आणि समोरच्याने ठरावीक मेल पत्ता दिला असेल, तर मेल तिथे पोचला की ‘मिळाला’ असं धरतात. मेल मिळायला तो वाचलेला असण्याची अट नाही.

हे उलटही लागू होतं. “मी मेल बघितलाच नाही” ही सबब नेहमी चालेल असं समजू नका. इनबॉक्स आणि स्पॅम दोन्ही बघत जा.

मग करायचं काय?

तहसील कार्यालयात अर्ज देताना आपण काय करतो? एक प्रत जास्त नेतो आणि तिच्यावर आवकचा शिक्का घेतो. ईमेलमध्येही तसाच ‘शिक्का’ शब्दांत मागा:

“सोबत रिझ्युमे आणि गुणपत्रिका अशा दोन फाइल जोडल्या आहेत. दोन्ही उघडत असल्यास कृपया एका ओळीत कळवावे.”

ही एक ओळ असती, तर लिहितानाच माझं लक्ष फाइलकडे गेलं असतं. बाकी एवढं पाळा:

- आधी फाइल जोडा, मग मजकूर लिहा, समोरच्याचा पत्ता सगळ्यात शेवटी टाका.
- विषयाची ओळ रिकामी सोडू नका. दहावीच्या पत्रलेखनात ‘विषय’ लिहायचो, तसाच इथेही स्पष्ट लिहा.
- आठवण करायची तर दोन-तीन कामाचे दिवस थांबा, आधी स्पॅम तपासा, मग त्याच मेलखाली नम्रपणे विचारा.
- रीड रिसीट मुदत, पैसे किंवा तक्रार अशा कामांपुरतीच मागा. प्रत्येक मेलला मागितली तर समोरच्याला पाळत ठेवल्यासारखं वाटतं.
- तुम्हाला कामाचा मेल आला, तर “मिळाला, बघून उद्या कळवतो” इतकं तरी लिहा.

थोडक्यात

रीड रिसीट फार तर मेल उघडल्याचं सांगते. काम झालं का, फाइल मिळाली का, हे माणसाच्या उत्तरातूनच कळतं. मी ते एक्स्टेन्शन त्याच दिवशी काढून टाकलं. पुढचा अर्ज पाठवला तेव्हा पोच शब्दांत मागितली आणि त्याच संध्याकाळी उत्तर आलं, “दोन्ही फाइल मिळाल्या.” त्या तीन शब्दांनी मला निळ्या टिकपेक्षा जास्त सांगितलं.