भोंगऱ्या, भामिनी आणि जपानी चौकटी

होळीच्या आधी धडगावला भोंगऱ्या बाजार भरतो. सातपुड्यातल्या पाड्यांवरून माणसे ढोल-बासऱ्या घेऊन उतरतात, सणाची खरेदी होते. बाहेरून आलेला बातमीदार मात्र हटकून त्याला 'प्रेमविवाहाचा बाजार' म्हणतो. आदिवासी कार्यकर्त्यांनी या वर्णनाला वारंवार हरकत घेतली आहे. गेल्या वर्षी आमच्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीने हा विषय काढला, आणि त्याच ओघात मोबाईलवर पाहिलेल्या एका कोरियन मालिकेविषयी म्हणाली, "तिथे मुलीची गोष्ट मुलीच्या बाजूने तरी असते." हे कितपत खरे, ते पाहण्यासाठी आम्हांला जपानी चित्रकथांच्या इतिहासात शिरावे लागले.

मुलींसाठीच्या चित्रकथांची सुरुवात तिथेही बव्हंशी पुरुषांच्याच हातची. १९५३ मध्ये ओसामू तेझुका यांची 'रिबॉन नो किशी' 'शोजो क्लब' या मासिकातून येऊ लागली. तिची नायिका राजकन्या. गादी मुलीकडे जात नाही म्हणून राजपुत्राच्या वेषात वावरणारी. तेझुकांचे बालपण ताकाराझुका या गावी गेले, आणि तिथल्या प्रसिद्ध नाटकमंडळीत पुरुषांच्या भूमिकाही स्त्रियाच करीत. मराठी वाचकाला इथे बालगंधर्व आठवावेत. १९११ च्या 'संगीत मानापमान'मधली त्यांची भामिनी पुरुषाने उभी केलेली स्त्री होती, आणि त्यांची लुगडे नेसण्याची ढब घरंदाज स्त्रिया उचलत. ताकाराझुकाच्या प्रेक्षागृहात, उलट, स्त्रीने घडवलेल्या पुरुषावर मुली भाळत. हा फरक लहान नाही.

सत्तरच्या दशकात लेखणी आणि कुंचला दोन्ही मुलींकडे आले. मोतो हागिओ, केइको ताकेमिया, युमिको ओशिमा या लेखिका १९४९ च्या आसपास जन्मलेल्या. जपानी शोवा कालगणनेत ते चोविसावे वर्ष, म्हणून त्यांना 'चोवीसचा गट' म्हणतात. त्यांच्या पिढीने पानाची रचनाच बदलली. चौकटींच्या कडा मोडल्या. नायिकेच्या मनातले बोलणे फुग्यातून सुटून पानभर तरंगू लागले. कादंबरीतल्या आत्मसंवादाला आपण जे महत्त्व देतो, ते या तरंगत्या ओळींना द्यायला हवे, असे आम्हांला वाटते. १९७२ मध्ये 'मार्गारेट' साप्ताहिकात रियोको इकेदा यांची 'बेरुसाइयु नो बारा' सुरू झाली. सेनापतीने मुलगा म्हणून वाढवलेली ऑस्कर फ्रेंच राज्यक्रांतीत लोकांच्या बाजूने उभी राहते. तिचे प्रेम असते दाईच्या नातवावर, घरच्या नोकरावर. ताकाराझुकाने १९७४ मध्ये ही कथा रंगभूमीवर आणली आणि एक वर्तुळ पुरे झाले.

मात्र आमच्या विद्यार्थिनीने पाहिलेली मालिका 'हाना योरी दांगो' या कथेवरची, आणि तिथे गोष्ट इतकी सरळ नाही. योको कामिओ यांनी ती १९९२ मध्ये 'मार्गारेट'मध्येच सुरू केली. तैवानने २००१ मध्ये, जपानने २००५ मध्ये, कोरियाने २००९ मध्ये आणि चीनने २०१८ मध्ये तिची मालिका केली. श्रीमंतांच्या शाळेतली गरीब नायिका त्सुकुशी हिचे नाव एका रानटी कोंबावरून घेतलेले. म्हणजे 'मानापमान' उलटे केलेले: इथे धन नायकाकडे आहे. पण हाच नायक आरंभी सगळी शाळा तिच्यावर सोडतो, आणि पुढे त्याच दांडगाईला प्रेमाचा आवेग मानायला वाचक शिकतो. ही कथा बाईने लिहिली, बायकांनी वाचली. तरीही.

हे सारे आम्ही वर्गात मांडले. विद्यार्थिनीने ऐकून घेतले. नायक वाईट आहे हे मान्य केले, मालिका वाईट आहे हे केले नाही. या वर्षी तिने आजीच्या तोंडून भोंगऱ्याची हकीकत पावरी बोलीत लिहून काढायला घेतली आहे. वहीची पहिली चार पाने आम्ही पाहिली. त्यांत मीठ-मिरचीचा हिशेब आहे, घाटातली पायपीट आहे, हरवलेल्या एका कड्याचा शोध आहे. आजोबा अजून आलेले नाहीत.