केस चर्चा आणि सिम्युलेशन : स्ट्रॅटेजीचा वर्ग कसा चालतो?

एमबीएच्या अभ्यासक्रमातला स्ट्रॅटेजी, म्हणजे व्यवसायाची व्यूहरचना, हा विषय नुसत्या व्याख्यानाने शिकवता येत नाही. हिशेब चुकला तर ताळेबंद जुळत नाही आणि चूक लगेच कळते. स्ट्रॅटेजीत अपुऱ्या माहितीवर निर्णय घ्यावा लागतो आणि तो योग्य होता का, हे कळायला कधी कधी दहा वर्षे जातात. असा निर्णय घेण्याचा सराव वर्गात देण्याचे दोन मार्ग जगभर रूढ आहेत : केस चर्चा आणि सिम्युलेशन. दोन्ही समजून घ्यायला नाशिक जिल्ह्यातले ओझर सोयीचे आहे. इथे लढाऊ विमानांचा कारखाना आहे आणि पाणी वापर संस्थांचा गाजलेला प्रयोगही इथलाच.

केस म्हणजे काय?

एखाद्या खऱ्या संस्थेपुढे उभ्या राहिलेल्या पेचाचे दहा-वीस पानी वर्णन म्हणजे केस. त्यात माणसे, आकडे, पार्श्वभूमी सगळे असते. पुढे काय झाले ते मात्र नसते. हार्वर्ड बिझनेस स्कूल १९०८ साली सुरू झाले आणि १९२१ मध्ये तिथे एका बूट कंपनीवर पहिली केस लिहिली गेली. भारतात ही पद्धत रुजवली ती १९६१ साली हार्वर्डच्या सहकार्याने उभ्या राहिलेल्या आयआयएम अहमदाबादने. मुंबईच्या डबेवाल्यांवर हार्वर्डने २०१० मध्ये केस काढली, तेव्हा मराठी वाचकाला हा शब्द परिचयाचा झाला. तरी आपल्याकडे यशोगाथेलाच केस म्हणण्याची चूक सर्रास होते. जिच्यात निर्णय घ्यायचा उरलेला नाही, ती केस नव्हे.

ओझरचा हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना घ्या. साठच्या दशकात तो मिग-२१ साठी उभारला गेला. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातल्या कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला, अशी वाटणी होती. मिग-२१ नंतर मिग-२७ आणि २००० सालच्या रशियाशी झालेल्या करारानंतर सुखोई-३० आले. हवाई दलाने मागवलेल्या २७२ सुखोईंपैकी २२२ ची बांधणी या कंपनीकडे होती. २०२० च्या सुमारास ही मागणी संपत आली. केस इथे थांबवायची.

आता वर्गाला प्रश्न : कुशल कामगार आहेत, धावपट्टी आहे, गिऱ्हाईक जवळपास एकच आहे आणि पुढची मोठी ऑर्डर हातात नाही. व्यवस्थापनाने काय करावे? कोणी म्हणेल, जुन्या सुखोईंच्या दुरुस्तीवर भर द्या. कोणी म्हणेल, बेंगळुरूचे तेजसचे काम इकडे ओढा. कोणी निर्यातीचे नाव काढेल, तर कोणी विमानतळावरच्या प्रवासी आणि मालवाहतुकीचे. शिक्षकाचे काम उत्तर सांगण्याचे नाही. ‘पगाराचा खर्च कशातून निघेल?’, ‘हा निर्णय कारखान्याच्या हातात आहे की दिल्लीच्या?’ असे विचारत प्रत्येक मताला टेकू मागायचा. फळ्यावर मुद्दे साठतात, मते बदलतात. तासाच्या शेवटी हवे तर सांगावे, की १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकला बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए ने उड्डाण केले. पण आधी सांगितले, तर चर्चा तिथेच संपते.

ही पद्धत फसते ती बहुतेक वेळा एकाच कारणाने : मुले केस न वाचता येतात. मग शिक्षक गोष्ट सांगत बसतात आणि तास पुन्हा व्याख्यानाचा होतो. भाषेचाही अडसर असतो. केस इंग्रजीत असली तरी चर्चा मराठीत होऊ दिली, तर मागच्या बाकावरची मुलेही तोंड उघडतात.

परिणाम भोगायला लावणारा खेळ

केसमध्ये चुकीचे मत दिल्याने कोणाचे काही बिघडत नाही. सिम्युलेशनमध्ये बिघडते. चार-पाच जणांचा एक गट म्हणजे एक कंपनी. किंमत, उत्पादन, जाहिरात, कर्ज यांचे निर्णय प्रत्येक फेरीत द्यायचे, संगणक सगळ्यांचे निर्णय एकत्र करून नफा-तोटा काढतो आणि पुढची फेरी त्याच हिशेबावरून सुरू होते. पहिल्या फेरीत हावरटपणे काढलेले कर्ज चौथ्या फेरीत गळ्याशी येते. हे खेळ १९५७ पासून अमेरिकी विद्यापीठांत आले.

त्यासाठी महागडे सॉफ्टवेअर लागतेच असे नाही. ओझर वाघाड धरणाच्या कालव्याच्या टोकाला आहे. वरची गावे पाणी घेत आणि टेलला ते पोचत नसे. हाच पेच हरभऱ्याच्या साठ दाण्यांवर खेळता येतो. सहा गट कालव्याच्या क्रमाने बसवा. दहा दाण्यांत गटाचे पीक निघते. पंधरा मिळाले तर द्राक्षे घेऊन जास्त पैसे होतात. वरून खाली वाटी फिरवा. पहिल्या चौघांनी पंधरा-पंधरा उचलले, की पाचव्या आणि सहाव्याला रिकामी वाटी मिळते. दुसऱ्या फेरीत खालचे चिडतात, तिसऱ्या फेरीत त्यांना बोलणी करण्याची मुभा द्यायची. मोजून पाणी घेण्याचा नियम कोण मांडतो, तो मोडणाऱ्याला दंड कोण करतो आणि वरच्यांनी तो का मानावा, याची घासाघीस सुरू होते.

त्यानंतर प्रत्यक्षात काय घडले ते सांगावे. बापूसाहेब उपाध्ये यांच्या समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने १९९१ च्या सुमारास टेलच्याच शेतकऱ्यांनी आधी तीन पाणी वापर संस्था काढल्या. पाणी घनमापाने विकत घ्यायचे आणि पीक कोणते ते शेतकऱ्याने ठरवायचे, ही त्यांची रीत. २००३ मध्ये पूर्ण वाघाड प्रकल्पाची संस्था झाली आणि २००५ मध्ये राज्याने सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देण्याचा कायदा केला. आधी टेलचेच का एकत्र आले, हा प्रश्न खेळ खेळलेल्या वर्गाला समजावून सांगावा लागत नाही.

खेळानंतरची ही चर्चा वगळली, तर सिम्युलेशनची निव्वळ स्पर्धा होते. मुले बाजार समजून घेण्याऐवजी सॉफ्टवेअरची खोच शोधू लागतात. म्हणून गुण देताना कोणता गट पहिला आला एवढेच न बघता, प्रत्येक फेरीआधी गटाने ‘आम्ही हे का करतो आहोत’ याची चार ओळींची नोंद लिहिली का, आणि निकालानंतर ती पुन्हा वाचली का, हे तपासणारे शिक्षक या पद्धतीतून जास्त काढून घेतात.